कामरेजची शीव

सुरतेहून निघालेला मराठी प्रवासी कामरेजला थांबतो तो बहुधा महामार्गाच्या चौकात गाडी बदलण्यापुरताच. या वाटेवर पूर्वी राज्य बदलत असे! सुरत इंग्रजांची, तर कामरेज बडोदे संस्थानच्या नवसारी प्रांतातील. १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, १९६० साली गुजरात राज्य झाले. कामरेज तालुका मात्र राहिला.

त्याची मुळे फार खोल आहेत. सातव्या शतकाच्या अखेरीस चालुक्य युवराज श्र्याश्रय शीलादित्याने ‘कर्मणेय आहारा’तील ओसुंभला गावी दान दिल्याचा ताम्रपट आहे. आहार म्हणजे त्या काळचा महसुली विभाग. कर्मणेय म्हणजे कामरेज आणि ओसुंभला म्हणजे उंभेळ, असे संशोधक मानतात. ते उंभेळ आजही कामरेज तालुक्यातच आहे.

लसकाणा, पासोदरा या गावांचे तसे झाले नाही. २०२० साली ती सुरत महानगरपालिकेच्या हद्दीत गेली. नळ, गटारे, दिवे यांचा लाभ कोण नाकारील? परंतु सरपंच गेला, ग्रामसभाही गेली. ज्या माणसाला पारावर गाठून जाब विचारता येई, त्याच्या जागी अनेक वस्त्यांचा मिळून निवडलेला नगरसेवक आला.

लसकाण्याला चहा घेताना मी शेजारच्या वृद्ध काकांना गावाची शीव विचारली. त्यांनी काठी उचलून नव्या इमारतींपलीकडे दाखविली आणि म्हणाले, “अमारी सीम त्यां सुधी.”