आपलं पोर विगनला गेलं

ब्रॅडफर्डमध्ये रग्बीच्या बातम्या पेपरात यायच्या आधी आमच्या औषधाच्या दुकानात यायच्या. ओडसलचं मैदान जवळ, त्यामुळे हौशी क्लबातली पोरं आणि त्यांच्या आया सारख्या आत-बाहेर. मनगटाला गुंडाळायची पांढरी चिकटपट्टी, भुवयांवर आणि कानांवर थापायला व्हॅसलीन, दुखऱ्या मांडीला चोळायचं मलम. शुक्रवारी संध्याकाळी चिकटपट्टीची पेटी काउंटरवर आणूनच ठेवायची, आतबाहेर करायला वेळ नसायचा. 2008 साली मी सोलापूरहून फार्मासिस्ट म्हणून इथे आले, तेव्हा रग्बी म्हणजे बॉम्बे जिमखान्यावर पावसाळ्यात चिखलात लोळणारी साहेबी मंडळी, एवढंच मला माहीत होतं. इथल्या लोकांना तसं म्हटलं तर राग येतो. ते युनियन, पंधरा जणांचं. हे लीग, तेरा जणांचं, गिरणी-खाणीतल्या माणसांचं. सहा टॅकल होईपर्यंत, म्हणजे सहा वेळा पकडले जाईपर्यंत, चेंडू तुमचा, मग समोरच्यांचा.

मला हे सगळं शिकवलं आमच्या एका गिऱ्हाइकाने. रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला येणारे, लोकरीच्या गिरणीत सगळी हयात गेलेले गृहस्थ. मला 'लव' म्हणायचे, यॉर्कशरमध्ये सगळ्यांना म्हणतात तसं. माझे वडील सोलापुरात मिलमध्ये होते हे कळल्यावर त्यांनी मला ओडसलला नेलंच. ओडसल म्हणजे मुळात शहराचा कचरा आणि राख टाकायचा खड्डा. 1934 साली त्याचं मैदान झालं. खड्ड्याच्या उतारांवर माणसं उभी राहतात आणि खेळाडूंच्या खोल्या वर काठावर. त्यामुळे सामन्याआधी खेळाडू गर्दीतून पायऱ्या उतरत खाली येतात. इतक्या जवळून की मलमाचा वास येतो आणि आपण विकलेली पट्टी कुणाच्या मनगटावर आहे ते ओळखता यावं असं वाटतं. 1954 साली हॅलिफॅक्स आणि वॉरिंग्टनच्या फेरसामन्याला इथे अधिकृत आकड्याप्रमाणे 1,02,569 माणसं होती. माझे गृहस्थ तेव्हा वडिलांच्या खांद्यावर बसून आले होते, असं ते सांगत. ओडसलला भेटणारा प्रत्येक म्हातारा त्या दिवशी कुणाच्या तरी खांद्यावर होता, हेही खरं.

मी आले तेव्हा ओडसलवर खेळणाऱ्या ब्रॅडफर्ड बुल्सचा दबदबा ओसरत चालला होता. 1997, 2001, 2003, 2005 अशी चार वेळा सुपर लीग जिंकलेला क्लब. पण 2009 मध्ये त्यांचा खेळाडू सॅम बर्जेस सिडनीच्या साउथ सिडनीकडे निघाला, त्या क्लबाच्या मालकांत सिनेमावाला रसेल क्रो होता. त्या वेळी लोक हळहळले, पण त्यात कौतुकही होतं. आपलं पोर सातासमुद्रापार चाललं! माझ्या घरीही मी निघाले तेव्हा असंच झालं होतं. आईने पापड बांधून दिले आणि शेजारणी दारात उभ्या राहिल्या.

पुढे पैशाचं दुखणं उघड्यावर आलं. 2012च्या मार्चमध्ये क्लबने सांगितलं, दहा लाख पौंड हवेत, त्यातले पाच लाख एप्रिलच्या सुरुवातीलाच, नाहीतर कुलूप. आमच्या दुकानात काउंटरवर डबा आला. गोळ्यांचं बिल चुकवून उरलेली मोड त्यात पडायची. निवृत्तिवेतनावर जगणारी माणसं नोटा टाकत होती, ते पाहून मला राग यायचा आणि मीही टाकायचे. पाच लाख जमले. तरी जूनमध्ये क्लब प्रशासकाच्या ताब्यात गेलाच. मग शहरातले हॉटेलवाले ओमर खान यांनी तो घेतला. वर्षभराने प्रकृतीच्या कारणाने तेही बाजूला झाले.

या सगळ्या ओढाताणीत एक पोरगा डोळ्यांत भरत होता. जॉन बेटमन. ब्रॅडफर्डचाच. 2011 मध्ये पहिला सामना खेळला तेव्हा सतरा वर्षांचा. दुसऱ्या फळीत खेळायचा. ही जागा म्हणजे कष्टाची. चेंडू घेऊन समोरच्या भिंतीवर जाऊन आदळायचं, पडायचं, उठायचं, आणि चेंडू त्यांच्याकडे गेला की तसेच त्यांचे गडी पाडायचे. शेवटच्या दहा मिनिटांत बाकीच्यांचे हात कमरेवर असतात. याचे नसायचे. मी शास्त्रोक्त काही सांगू शकत नाही, पण वरून, त्या उतारावरून, मैदान नकाशासारखं दिसतं, आणि दमलेला माणूस कुठे उभा राहतो ते लपत नाही. माझे गृहस्थ म्हणायचे, "हा पोरगा आपल्याला वर काढणार, लव."

2013च्या मोसमात आधी इलियट व्हाइटहेड गेला. तोही ब्रॅडफर्डचा, तोही दुसऱ्या फळीतला. फ्रान्समधल्या कॅटलन्सने त्याला घेतलं. मग मोसम संपता संपता बातमी आली, बेटमन विगनला. विगन म्हणजे पेनाइन डोंगराच्या पलीकडचं लँकशर, म्हणजे शत्रुपक्ष. त्यांची तिजोरी भरलेली, त्या वर्षीचं विजेतेपद त्यांच्याच गळ्यात.

दुसऱ्या दिवशी गृहस्थ गोळ्या न घेताच काउंटरशी उभे राहिले. चेहरा लाल.

"वीस वर्षांचं पोर. याच शहरानं वाढवलं. आणि आपण डब्यात पैसे टाकत होतो ते कशाला?"

मी म्हटलं, "बसा आधी, दाब मोजू."

पट्टा दंडाला बांधला तरी ते बोलतच होते. मैदानावर काय ओरडणार, पाटीवर काय लिहिणार, सगळं ठरलं होतं. आकडा अर्थातच वर गेला. मी दुसऱ्यांदा मोजायला थांबवलं, आणि त्यांनीच मला सांगितलेली गोष्ट त्यांना सांगितली. 29 ऑगस्ट 1895ला हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेतले क्लब जमले आणि लंडनच्या रग्बीपासून वेगळे झाले, ते कशावरून? खाड्यावरून. शनिवारी गिरणीत कामाला न जाता खेळायला आलेल्या माणसाची बुडालेली मजुरी कुणी द्यायची, यावरून. लंडनवाले म्हणाले, खेळ हौसेचा असतो. गिरणीवाले म्हणाले, हौस घरच्या चुलीवर शिजत नाही. खाड्याचे सहा शिलिंग द्यायचे ठरले आणि तुमचा खेळ जन्माला आला. आता त्याच खेळातल्या पोराने आपल्या मजुरीचा विचार केला तर तो हरामखोर कसा?

"ते वेगळं," ते म्हणाले.

"कसं वेगळं?"

उत्तर आलं नाही. पण इतिहास त्यांचाच, त्यामुळे गप्प बसवतील असे दाखले माझ्याकडे अजून होते. मॅनिंगहॅम, याच शहरातला क्लब, नव्या लीगचा पहिला विजेता. पैसे संपले तेव्हा 1903 मध्ये अख्खा क्लब रग्बी सोडून फुटबॉलकडे गेला आणि ब्रॅडफर्ड सिटी झाला. चार वर्षांनी दुसरा क्लबही त्याच वाटेने निघाला. ज्यांना ते पटलं नाही त्यांनी ब्रॅडफर्ड नॉर्दर्न काढला, म्हणजे आजचे बुल्स. क्लबांनी धंदा बघून घर बदललं तर तो व्यवहार, आणि पोराने बदललं की गद्दारी. हा न्याय मला सोलापुरातही माहीत होता. मिल बंद झाली तेव्हा मालकाला कुणी पळपुटा म्हटलं नव्हतं. पुण्याला गेलेल्या पोरांना मात्र गावाला विसरले म्हणून अजून ऐकून घ्यावं लागतं.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. करार चालू असलेला खेळाडू विकला तर क्लबाच्या हातात काहीतरी रक्कम पडते. करार संपेपर्यंत धरून ठेवला तर तो फुकट जातो. बुडत्या क्लबाकडे विकण्यासारखी वस्तू एकच असते, चांगलं पोर. ते विकलं की पुढच्या महिन्याचे पगार निघतात आणि त्याच्या पुढच्या महिन्याचे सामने हातचे जातात. बेटमनसाठी विगनने किती मोजले ते जाहीर झालं नाही. पण 2014 मध्ये क्लब पुन्हा प्रशासकाकडे गेला, सहा गुण कापले गेले आणि बुल्स सुपर लीगमधून खाली उतरले. 2017च्या जानेवारीत कंपनीच मोडीत निघाली. नव्या मालकांनी त्याच नावाने उभा केलेला क्लब उणे बारा गुणांवरून सुरू झाला आणि आणखी एक पायरी घसरला. पोरगा थांबला असता तर यातलं काय थांबलं असतं?

त्या दिवशी त्यांनी गोळ्या घेतल्या आणि 'बरं' एवढंच म्हणून गेले. पुढे कित्येक आठवडे आम्ही या विषयावर बोललो नाही, पाऊस आणि गुडघे यांवर बोललो. बेटमन मात्र विगनकडून चमकत गेला, इंग्लंडकडून खेळला आणि 2019 मध्ये ऑस्ट्रेलियात कॅनबेराला गेला. तिथे व्हाइटहेड आधीच होता. त्याच वर्षी कॅनबेरा अंतिम सामन्यात पोहोचलं, सिडनी रूस्टर्सविरुद्ध.

6 ऑक्टोबर 2019, रविवार. सिडनीत संध्याकाळ, आमच्याकडे सकाळचे साडेनऊ. गृहस्थांनी घरी बोलावलं होतं. मी पोह्यांचा डबा नेला. ते त्याला 'पिवळा नाश्ता' म्हणतात आणि वर ब्राउन सॉस घालतात, त्याबद्दल मी बोलणं सोडलं आहे. हिरव्या जर्सीत, दुसऱ्या फळीत दोन्ही बाजूंना ब्रॅडफर्डची दोन पोरं. कॅमेरा त्यांच्यावर आला की म्हातारा बोटाने दाखवायचा, जणू मला दिसत नव्हतं. शेवटाकडे गुणफलक बरोबरीत असताना पंचांनी कॅनबेराला पुन्हा सहा टॅकल मिळाल्याची खूण केली आणि लगेच फिरवली. काही क्षणांत चेंडू सिडनीकडे गेला आणि त्यांनी तो रेषेपलीकडे टेकवून ट्राय केला. 14-8. पंचांच्या आईवडिलांचा उद्धार यॉर्कशरच्या बोलीत कसा करतात, ते मी त्या सकाळी पूर्ण शिकले.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरात बुल्सनी ओडसलही सोडलं होतं. मैदानाचा खर्च झेपेना, म्हणून पुढचा मोसम शेजारच्या ड्यूझबरीच्या मैदानावर खेळायचं ठरलं होतं. सॅम बर्जेसचं गाव. टीव्ही बंद करून गृहस्थ कप उचलायला लागले.

"त्या दोघांना आपण पाठवलं," ते म्हणाले. "पाठवलं" यावर जोर होता.

"तुम्ही पाटी लिहिणार होतात."

"लिहिली होती. रंग स्वस्त निघाला, पावसात गेला." मग खिडकीतून माझ्या गाडीकडे बघत, "ड्यूझबरीला बस बदलावी लागते, लव. फेब्रुवारीत तू न्यायचंस."

पेट्रोल निम्मं-निम्मं, असं मी सांगून टाकलं.