अनामिकांची वस्त्रे

इटालियन चित्रकार घिर्लांदायोने चितारलेली फ्लॉरेन्सची जोव्हान्ना तोर्नाबुओनी प्रेक्षकाकडे पाहतच नाही. एका बाजूने दिसणारा तिचा निश्चल चेहरा, जरतारी वस्त्र, मागच्या फडताळातील पोवळ्यांची माळ व प्रार्थनापुस्तक, ही सारी मांडणी तिच्या शीलाची आणि सासरच्या ऐश्वर्याची ग्वाही देते, इतकेच नव्हे तर तिच्या खांद्यावर विणलेले आद्याक्षरही नवऱ्याच्याच नावाचे आहे. चित्रावर साल आहे 1488, आणि त्याच साली ती ऐन तारुण्यात निवर्तली.

त्यानंतर अर्धशतकाच्या आसपास कोण्या अज्ञात चित्रकाराने गोमंतकासह पूर्वेकडील निरनिराळ्या मुलखांतील स्त्रीपुरुषांची जी जलरंगी चित्रे काढली, ती रोमच्या कासानातेन्से ग्रंथालयात आहेत. चित्रांवर पोर्तुगीज नोंदी आहेत; परंतु दप्तरातील मालाची वर्गवारी करावी तशा त्या जात, धर्म आणि देश सांगतात, व्यक्तीचे नाव सांगत नाहीत. जोव्हान्नाला निदान नाव मिळाले, आमच्या बायकांना केवळ वेष मिळाला, हे मनाला फार लागते.

तो काळच तसा होता. पोर्तुगिजांच्या अमलाखालील तिसवाडीतील देवळे पाडली जात होती आणि दिवाडी बेटावरच्या जुन्या नार्व्यातून सप्तकोटेश्वराला मांडवीपलीकडे, डिचोलीच्या हद्दीत आणावे लागले. तेथील मंदिराचा जीर्णोद्धार 1668 साली शिवछत्रपतींनी केला. आज फेरीबोटीने काही मिनिटांत ओलांडता येणारे मांडवीचे ते पात्र त्या काळी दोन अमलांची सीमा होते. पुढे 1736 च्या हुकूमनाम्याद्वारे गोव्यातील इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, ख्रिस्ती झालेल्या स्थानिक बायकांना चोळी आणि पुरुषांना पुडवे, म्हणजे धोतर, वर्ज्य केले. फ्लॉरेन्समध्येही स्त्रियांच्या दागिन्यांवर आणि भारी वस्त्रांवर निर्बंध होते, पण त्यांचा रोख उधळपट्टीवर व प्रतिष्ठेच्या चढाओढीवर होता; येथे मात्र आईने शिवलेली चोळीच अपराधाचा पुरावा ठरली आणि अंगावरच्या कापडाला, नेसणारीच्या मनात नसलेला अर्थ, सत्तेने बळेच चिकटवला.

मोती म्हणजे पावित्र्य, पोवळे म्हणजे दृष्ट न लागण्याचा ताईत, असे कोष्टक हाती घेऊन चित्रे वाचणाऱ्या पंडितांविषयी मला आदर आहे. तथापि ज्या स्त्रीने आपले चित्र काढविलेच नाही, तिच्या वस्त्रात प्रतीके शोधणे मला त्या नोंदी करणाऱ्या कारकुनाच्याच पंक्तीला बसण्यासारखे वाटते. म्हणून अशा चित्रापुढे मी आधी लुगड्याचा काष्टा कसा घातला आहे, पदर कुठे खोचला आहे, हात कामाला मोकळे आहेत की नाहीत, एवढेच पाहते.