वालाचा वेल आणि बाजाराचा वार

प्रिय सुमे,

तुझ्या ब्रिस्बेनच्या घराचे फोटो पाहिले. मागच्या अंगणात एवढी हिरवळ आणि मिरचीचं एक रोप नाही? बाई, तू अकोले तालुक्यातली ना!

इकडे हल्ली परसबागेचं वारं आहे. देशी बी जपणाऱ्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हापासून म्हातारीच्या गाडग्यातलं बी दाखवायला कुणी लाजत नाही. बचत गटांच्या ‘उमेद’ अभियानाच्या ताई येऊन गोल परसबाग आखून देतात. दिसते छान. पण मला विचारशील तर आखणीआधी सांडपाणी कुठं जातं ते बघावं. मोरीच्या तोंडाशी अळू, त्यापुढं केळ, कुंपणाला शेवगा. त्याची नुसती फांदी खोचली तरी चालते.

परसाची किंमत कळते ती बाजाराच्या आदल्या दोन दिवसांत. आठवडे बाजाराची भाजी तोवर संपलेली, घरोघरी कोरड्यास नाहीतर चटणी-भाकरी. तेव्हा शेवग्याचा पाला, अळू, लाल माठ हाताशी असतो आणि कुणापुढं पैशाला हात पसरावा लागत नाही. मात्र सगळं घर परसावर चालतं म्हणणाऱ्यांचं ऐकू नकोस. धान्य, कांदा, तेल बाजारातूनच येतं. वैशाखात प्यायच्या पाण्याची मारामार, वाफे ओस पडतात.

आणि वाल! मृगात टोकला तरी दिवाळीपर्यंत नुसता पाला वाढवतो. दिवस लहान झाले की मग फुलतो. कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा पडतो, त्यामागं मुंगळ्यांची रांग. सकाळी दव असताना चुलीची राख उडवायची, पानाला चिकटून बसते. बियाण्याच्या शेंगा वेलावरच वाळू द्यायच्या आणि दाणे राखेत घोळवून ठेवायचे. संकरित भाजीचं बी धरलं तर पुढच्या साली मूळ गुण राहत नाहीत. पुन्हा दुकानदाराच्या दारात उभं!

तुला इथलं बी पाठवलं असतं, पण तुमचे कस्टमवाले सोडायचे नाहीत. क्वीन्सलँडात वाल गुरांच्या चाऱ्याला पेरतात म्हणे, म्हणजे हवा मानवते. तिथलंच खायच्या वालाचं बी आण, हिरवळीचा कोपरा खण. ऋतू उलटे, तेव्हा दिवाळीनंतर पेर आणि एप्रिलपर्यंत शेंगांची घाई करू नकोस. आणि कोंबड्या पाळायचा विचार असेल, तर आधी जाळी लाव, मग वाफे कर.

तुझी,
मंदा