सुंगटांचं वावडं

डोंबिवलीहून सुटणाऱ्या सकाळच्या स्लो लोकलमध्ये, बायकांच्या डब्यात, मांडीवरच्या पर्समध्ये मी कोळंबी घेऊन बसले होते. स्टीलच्या दोन लहान डब्या. एकीत दोन कच्च्या कोळंब्या, दुसरीत दोन उकडलेल्या. प्रत्येक डबी पिशवीत, पिशवी रुमालात. तरीही मुलुंड येईपर्यंत समोरची बाई खिडकीकडे सरकली होती आणि भांडुपला तर तिने सरळ ओढणी नाकाला लावली. ॲलर्जीच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं होतं, "येताना तुमचा संशयित सोबत आणा. कच्चा आणि शिजवलेला, दोन्ही."

तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांची होते आणि त्यातली पंचेचाळीस वर्षं तो संशयित माझ्या पोटात सुखाने नांदला होता.

आम्ही मालवणचे. आमच्याकडे कोळंबीला सुंगटं म्हणतात. संध्याकाळी होड्या लागल्या की बाबा किनाऱ्यावर लिलावाला जायचे आणि मिळाली तर सुंगटं आणायचे. ती सोलायचं काम माझ्याकडे. डोकं पिरगळून काढायचं, पोटाकडून अंगठा घालून साल सोडवायची, पाठीवर सुरीचं टोक फिरवून आतला काळा दोरा अलगद ओढायचा. दोरा मध्येच तुटला की आई ओरडायची. तासभर सोललं की बोटांची टोकं चुरचुरायची, पण ती सगळ्यांचीच चुरचुरतात, काट्यांनी आणि खाऱ्या पाण्याने, असाच समज. माझ्या बोटांच्या चुरचुरण्यात वेगळं काही होतं का, कुणास ठाऊक.

पंचेचाळिशीनंतर कधीतरी कोळंबी खाल्ली की ओठांच्या आतून मुंग्या आल्यासारखं व्हायला लागलं. टाळूला खाज. मी तिखटाला दोष दिला. त्या वर्षीचा मसाला जरा जळजळीतच झाला होता. मग मसाला संपला, नवा आला, मुंग्या तशाच. मी लक्ष दिलं नाही. आपल्याकडे बाईच्या तोंडाला खाज सुटली तर ती सांगायची कुणाला?

मग ती मे महिन्यातली दुपार. कोकणकन्येने रात्रभर बसून गेले होते, कंबर धरली होती, म्हणून कुडाळला उतरल्यावर चहाबरोबर एक वेदनाशामक गोळी घेतली. दुपारी चुलत्यांच्या घरी सुंगटांची कढी आणि भात. दोनदा भात घेतला. जेवण झाल्यावर मुलांबरोबर परड्यातली चढण चढून आंबे बघायला गेले. वर पोचेपर्यंत तळहात आणि तळपाय आतून खाजायला लागले. तळपायाची खाज फार विचित्र असते. चप्पल काढून दगडावर पाय घासत मी उभी राहिले आणि मुलं हसायला लागली. खाली येईपर्यंत पोटावर, काखेत, मांड्यांवर गांधी उठल्या होत्या, एकीत एक मिसळून नकाशा झाल्यासारख्या.

आई म्हणाली, "काय नाय गो, पित्त उठला. सोलां भिजत घालतंय, पाणी चोळूया." काकी म्हणाली, "मुंबयचा पाणी लागला हिका." सोलं म्हणजे आमसुलं. अंगावर पित्त उठलं की आमसुलाचं पाणी चोळायचं, हे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. त्याने गार वाटतं हे खरं. मी बाजेवर बसले, आई गुलाबी पाणी चोळत राहिली, आणि मी तिला काहीतरी सांगायला तोंड उघडलं तर माझा आवाज मलाच ओळखू येईना. घोगरा, पुरुषी. पोटात कळ आली आणि उलटी झाली.

जवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी खुब्यात एक इंजेक्शन दिलं, "ऊन बाधलं, घरी जाऊन पडा" म्हणाले. रिक्षात बसल्यावर घशात कुणीतरी कापूस कोंबत असल्यासारखं वाटायला लागलं. चुलतभावाने रिक्षा घराकडे न वळवता थेट मोठ्या हॉस्पिटलात नेली. तिथल्या डॉक्टर अगदी तरुण होत्या. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, एकच प्रश्न विचारला, "काय खाल्लं?" आणि साडी वर सारून मांडीच्या बाहेरच्या बाजूला ॲड्रेनलीन टोचलं. छाती धडधडली, हात थरथरले, आणि काही मिनिटांत घसा मोकळा झाला. ओसरलेली रिॲक्शन काही तासांनी पुन्हा उसळू शकते म्हणून त्यांनी रात्रभर ठेवून घेतलं. खुब्यातलं औषध खाजेला होतं, मांडीतलं जिवाला, हा फरक मला त्या रात्री कळला.

तर, त्या दोन डब्या. तपासणीआधी आठवडाभर सर्दी-खाजेच्या गोळ्या बंद ठेवायला सांगितल्या होत्या. डॉक्टरांनी माझ्या हाताच्या आतल्या बाजूला पेनाने आकडे लिहिले, प्रत्येक आकड्याशेजारी एकेक थेंब ठेवला आणि प्रत्येक थेंबातून बारीक सुईने कातडीला नुसता स्पर्श केल्यासारखं टोचलं. पहिला थेंब नुसत्या मिठाच्या पाण्याचा, दुसरा हिस्टामिनचा. एकाला काही व्हायला नको, दुसऱ्याला व्हायलाच हवं, म्हणजे माझी कातडी खरं बोलते आहे हे कळतं. मग त्यांनी माझ्या डबीतल्या कोळंबीत सुई खुपसली आणि तीच सुई माझ्या हाताला लावली. पंधरा-वीस मिनिटं हात न खाजवता बसायचं. ती पंधरा मिनिटं मी भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या गणपतीकडे बघत काढली. तीन मिलिमीटरच्या वरची गांध धरतात. माझी कच्च्या कोळंबीची नऊ भरली, उकडलेलीचीही जवळपास तेवढीच. बांगड्याची शून्य. आणि घरातल्या धुळीतल्या किड्यांची सहा.

"धुळीचं मी काही म्हटलंच नव्हतं," मी म्हणाले.

"सकाळी शिंका येतात?" त्यांनी विचारलं.

येत होत्या. गेली आठ-नऊ वर्षं, तळमजल्यावरच्या या ओलसर घरात आल्यापासून, उठल्या उठल्या दहा-बारा शिंका. पावसाळ्यात जास्त. नवरा त्याला माझा भोंगा म्हणतो. त्या शिंकांचा आणि कोळंबीचा संबंध असेल असं मला सात जन्मांत सुचलं नसतं. डॉक्टरांनी समजावलं ते असं: गादीत, उशीत, पडद्यांत डोळ्यांना न दिसणारे आठ पायांचे किडे असतात, आपल्या अंगावरून गळलेल्या कोंड्यावर जगतात, दमट हवेत माजतात. ते, झुरळ आणि कोळंबी हे सगळे सांध्यासांध्याच्या पायांचे, एकाच मोठ्या कुळातले. त्यांच्या स्नायूंत ट्रोपोमायोसिन नावाचं जवळजवळ सारखं प्रथिन असतं. धुळीतल्या किड्यांशी वर्षानुवर्षं भांडणाऱ्या शरीराला एक दिवस ताटातही त्याच चेहऱ्याचा कुणीतरी दिसू शकतो. हे प्रथिन शिजवून मरत नाही, म्हणून उकडलेली डबीही दोषी ठरली. माशाचं प्रथिन वेगळं, म्हणून बांगडा सुटला. खेकडे आणि शेवंड मात्र कोळंबीच्याच घरातले, ते बंद.

घरी आल्यावर नवऱ्याला म्हणाले, "म्हणजे मी आयुष्यभर झुरळाचे पाव्हणे खात होते." त्याने त्या दिवशी रात्री भाजीच खाल्ली.

सगळ्यांत अवघड गेलं ते लोकांना पटवणं. "इतकी वर्सां खाल्लंस, तेव्हा कसा काय झाला नाय?" हा प्रश्न आईने विचारला, काकीने विचारला, ऑफिसातल्या प्रत्येक बाईने विचारला. जन्मजात असतं तेच खरं दुखणं, उतारवयात येतं ते थेर, असा काहीसा भाव. त्यात माझा भाचा उलट्या बाजूने साक्षीदार. तान्हेपणी त्याला दूध-अंडं चालत नव्हतं, तीन वर्षं वहिनीने लेबलं वाचून काढली, आणि आता तो डबल ऑम्लेट खातो. "त्याचं गेलं, तुझं आलं, हे कसं?" तर असंच असतं. दुधा-अंड्याचं बहुतेक मुलांचं मोठं होताना जातं. कोळंबीचं मात्र पुष्कळदा मोठेपणीच येतं आणि सहसा परत जात नाही.

आणि "आजवर खाल्लंस ना" हा तर ॲलर्जीविरुद्धचा पुरावाच नव्हे. आधी भेट झाल्याशिवाय शरीर शत्रू ठरवणार कसं? हे पहिल्यांदा नीट दिसलं तेही समुद्रातल्या प्राण्यांमुळेच, हे वाचून मला जरा बरं वाटलं. शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ १९०१ मध्ये मोनॅकोच्या राजाच्या बोटीवर समुद्री जीवांच्या विषाचा अभ्यास करत होते. पुढे पॅरिसला परतून त्यांनी कुत्र्यांना समुद्रफुलाचं विष टोचलं. पहिल्या खेपेला ते सोसलेल्या कुत्र्याला काही आठवड्यांनी पुन्हा टोचलं, तर तो काही मिनिटांत मेला. १९०२ मध्ये त्यांनी या प्रकाराला ॲनाफायलॅक्सिस असं नाव दिलं, आणि रिशेंना १९१३ चं नोबेल मिळालं. ॲलर्जी हा शब्द त्यानंतरचा, १९०६ चा, व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांचा. आपल्याकडे मात्र 'वावडं' हा शब्द आहे आणि मला तो जास्त पटतो. त्यात शरीराचं वाकडेपण आहे, भांडण आहे, आणि नातंही आहे. कधी न भेटलेल्याचं वावडं कुणाला नसतं.

ही गोष्ट मी आईला सांगितली. ती म्हणाली, "बिचारो कुत्रो."

वय वाढलं की आणखी एक गोची होते, गोळ्यांची. त्या दिवशी कमरेसाठी घेतलेली वेदनाशामक गोळी आणि जेवणावर चढलेली चढण, या दोन्हींनी आग भडकवली असणार, असं डॉक्टर म्हणाले. नुसत्या कोळंबीने ओठांना मुंग्या येऊन थांबलं असतं कदाचित. विशीत मी कोळंबी खाऊन डोंगर चढले असेन, पण विशीत कोण पेनकिलर खातं? माझी रक्तदाबाची गोळीही बदलायला लावली. ती बीटा ब्लॉकर जातीची होती, आणि ती पोटात असली की ऐन वेळी ॲड्रेनलीनचा जोर कमी पडू शकतो. कुठल्याही डॉक्टरकडे गेले की आता मी आधी गोळ्यांची चिठ्ठी पुढे करते आणि मग दुखणं सांगते.

बाहेरच्या देशांत पेनासारखं ॲड्रेनलीनचं इंजेक्शन मिळतं, टोपण काढून मांडीत दाबायचं. आपल्याकडे ते सहजी मिळत नाही. माझ्याकडे चष्म्याच्या जुन्या डबीत काचेची ॲम्प्युल, सिरिंज आणि सुई असते. नवऱ्याला डॉक्टरांनी मोसंब्यावर टोचायला शिकवलं. त्याने पहिलं मोसंबं आरपार भोसकलं. दुसऱ्याला हात बसला. ॲम्प्युलवरची तारीख मी दर गुढीपाडव्याला तपासते, त्याच दिवशी आठवतं म्हणून.

रोजच्या जगण्यात कोळंबी न खाणं हा सोपा भाग. अवघड आहे ती लपलेली. मासळीच्या हॉटेलात सुरमई तळतात त्याच तेलात कोळंबी तळलेली असते. वांग्याच्या भाजीत कुणीतरी प्रेमाने मूठभर सुकट टाकलेली असते आणि "अगं कोळंबी नाहीये, सुकट आहे" असं निरागसपणे सांगते. बाजारात कोळणीच्या पाटीवर बांगड्याशेजारीच कोळंबीचा ढीग, तोच बर्फ, तेच पाणी. माझी कोळीण आता मला बघितलं की पाटीच्या दुसऱ्या टोकाचे बांगडे काढते आणि वेगळ्या पिशवीत घालते. तिला ट्रोपोमायोसिन ठाऊक नाही. "तुला ती बाधते ना," एवढंच म्हणते. लग्नाकार्यातल्या शिकलेल्या लोकांपेक्षा तिला लवकर कळलं. श्रावण सुरू झाला की मला सुटल्यासारखं वाटतं. सगळे गटारीची वाट बघत असतात आणि मी तिच्यानंतरच्या महिन्याची.

गादी आम्ही बदलली, पडदे काढले, चादरी कढत पाण्यात धुतो. शिंका दहा-बारावरून तीन-चारवर आल्यात. भोंगा आता अर्धाच वाजतो.

आई चार वर्षांपासून माझ्याकडे आहे, ऐंशी पार केलेली. दात कमी झालेत, मोठे मासे चावत नाहीत, तिला तोंडाला चव म्हणून लागतो तो भाजलेला जवळा, म्हणजे सुकवलेली बारीक कोळंबीच, वर कांदा-खोबरं आणि कोकम. ती आली त्या पहिल्याच आठवड्यात तिने तव्यावर जवळा टाकला आणि मला हॉलमध्ये धाप लागली. वाफेतूनही ते प्रथिन उडतं, हे मला माहीत होतं, तिला नव्हतं. त्यानंतर तिने जवळ्याचं नावच घेतलं नाही. बरणी मात्र टाकली नाही. मी बघितली, फडताळात मागच्या बाजूला, झाकणाला दोन पिशव्या बांधलेली.

मग आम्ही एक व्यवस्था लावली. बुधवारी संध्याकाळी ऑफिसातून मी घरी येतच नाही. सोसायटीच्या मागच्या बागेत बाकावर बसते, भाजी निवडायला आणलेली असली तर तिथेच निवडते. घरात आई सगळ्या खिडक्या उघडते, पंखा लावते, जवळा भाजते, खाते, तवा स्वतः घासते, ओटा पुसते. दीड तास तरी जातो. अंधार पडतो, मच्छर चावायला लागतात, मेथीच्या काड्यांचा ढीग होतो. मग तिसऱ्या मजल्यावरची कुणी मुलगी खिडकीतून डोकावते, हात करते. तळमजल्यावरचा आमचा दिवा लागतो, आणि जाळीतून आईचा आवाज येतो, "ये गो, वास गेलो."