नदीने वर आणलेला पुरावा

वाडीतल्या आमच्या घराची दिंडी रात्री निजानीज होईपर्यंत उघडी असे. १९७६च्या डिसेंबरात मात्र ती दिवेलागणीलाच लागू लागली. पुण्याहून मावशीचे पत्र आले होते. भांडारकर रस्त्यावर १ डिसेंबरच्या रात्री काशिनाथशास्त्री अभ्यंकरांसह घरातील पाच माणसे मारली गेली. महिनाभर आधी जोशी कुटुंबातील तिघे. खून पुण्यात आणि कड्या बडोद्यात! पण शास्त्रीबुवा आम्हांला परके नव्हते. त्यांचा संस्कृत व्याकरणाचा कोश १९६१ साली इथल्याच प्राच्यविद्या मंदिराने गायकवाड ग्रंथमालेत काढला होता. वडिलांच्या कपाटात त्याची प्रत होती.

पुढे खुनी सापडले. वडीलधाऱ्यांनी पोलिसांच्या बुद्धीचे तोंड भरून कौतुक केले, आम्हीही केले. सरकारी नोकरीत हयात घालवल्यावर ते कौतुक जरा ओसरले. कचेरीत निर्णय आधी होतो आणि टिपणी मागाहून अशी लिहिली जाते, की पहिल्या परिच्छेदापासूनच साहेबांना सारे उमगले होते असे वाटावे. (हे पाप आमच्याही हातून घडले आहे.) तपासाच्या शौर्यकथा वाचताना आम्हांला ती टिपणी आठवते.

पुण्याचेच पाहा. पहिला बळी जानेवारी १९७६ मधला, अभिनव कला महाविद्यालयाचा विद्यार्थी. मारेकरी त्याचेच सहाध्यायी. पुढे चौदा महिने ते शहरात उजळ माथ्याने वावरले. मग २४ मार्च १९७७ रोजी, शिडीला बांधून मुळा-मुठेत बुडवलेला एका तरुणाचा देह वर आला. तो त्यांच्याच एका मित्राचा भाऊ निघाला. तेथून मधुसूदन हुल्याळकर यांच्या पथकाने जबान्यांतली विसंगती हेरली, टोळीतलाच एक माफीचा साक्षीदार झाला, आणि २७ नोव्हेंबर १९८३ रोजी चौघे येरवड्यात फासावर गेले. पथकाची मेहनत खरीच. पण तो देह तळाशीच राहिला असता तर?

मुंबईत रामन राघवला १९६८ साली फौजदार अ‍ॅलेक्स फियाल्हो यांनी भर रस्त्यात ओळखले. नजर मोठी तयार! मात्र हाच इसम काही वर्षांपूर्वी, अशाच हल्ल्यांच्या वेळी, ताब्यात येऊन पुराव्याअभावी सुटला होता.

आमचे एक स्नेही पोलीस खात्यातून निवृत्त झाले. ते म्हणतात, "तुम्ही खुर्चीत बसून लिहिता, चिखलात आम्ही उतरतो." हे आम्हांला खोडता येत नाही. परंतु नदी काहीच वर आणत नाही, आणि वर्तमानपत्रे रोज जाब विचारतात, तेव्हा काय होते? २००६च्या ऑक्टोबरपासून दक्षिण मुंबईत चारेक महिन्यांत सात खून झाले. प्रेताशेजारी बिअर सापडली म्हणून खुन्याचे नाव पडले 'बिअर मॅन'. जानेवारी २००७ मध्ये एकाला धरले, नार्को चाचणी झाली, सत्र न्यायालयाने एका खुनासाठी जन्मठेप दिली. सप्टेंबर २००९ मध्ये उच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. संमतीवाचून अशी चाचणी करता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला तो २०१० साली. मधली वर्षे त्या माणसाला कोणी परत दिली नाहीत. ते सात खून कोणी केले, हे सिद्ध झालेले नाही.

स्नेह्यांना हे ऐकवले. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "त्या दिवसांत वरून फोन किती येतात, ते तुम्हांला ठाऊक नाही."

ठाऊक आहे. आमच्याही टेबलावर फोन होता.