तेरा सामने आणि तेरा माणसं

मी राहते ते टॅलाहासी हे फ्लोरिडा राज्याच्या राजधानीचं शहर; पण राजधानीचा थाट त्याला नाही. वस्ती जेमतेम दोन लाख. इथल्या फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाच्या फुटबॉल मैदानात मात्र हजारो माणसं बसतात, आणि मोठा सामना असेल त्या शनिवारी शहरातले निम्मे रस्ते तिकडेच निघालेले असतात. हे फुटबॉल म्हणजे कोलकात्यात किंवा गोव्यात खेळतात ते नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन पळायचं, तो फेकायचा, झेलायचा, आणि समोरच्याने अंगावर येऊन आपल्याला पाडायचं, असा हा खेळ. मी संख्याशास्त्र शिकवते. खेळाची गोडी मला उशिरा लागली, आणि तीही खेळापेक्षा त्यातल्या भांडणामुळे.

भांडण असं आहे. देशभरात वरच्या स्तरावर खेळणारे महाविद्यालयीन संघ १३० च्या वर आहेत. अंगाला इतका मार बसतो की आठवड्याला एकाहून जास्त सामना खेळता येत नाही. म्हणून एका मोसमात प्रत्येकाच्या वाट्याला १२ सामने येतात, फार तर तेरावा. म्हणजे कुठलाही संघ आपल्या प्रतिस्पर्ध्यांपैकी जेमतेम दहावा हिस्सा प्रत्यक्ष पाहतो. रणजी करंडकासारखे गट पाडले, गुण मोजले, वरचे आठ घेतले, असं सरळ गणित इथे बसत नाही, कारण कुणाचे बारा सामने डोंगर चढण्यासारखे असतात आणि कुणाचे सपाटीवरचे. मग राष्ट्रीय विजेतेपदासाठी कुणी झुंजायचं हे कुणीतरी निवडावं लागतं. निवड म्हटली की निवडणारा आला, आणि निवडणारा आला की त्याची नजर आली.

१९३६पासून असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था पत्रकारांची मतं घेऊन क्रमवारी लावते. कित्येक दशकं विजेता मतांवरच ठरायचा, आणि काही वर्षी दोन क्रमवाऱ्यांनी दोन वेगळे विजेते जाहीर केले. १९९८मध्ये मतांच्या जोडीला संगणक आले. २००३मध्ये त्या मिश्र हिशेबाने असा चमत्कार केला, की दोन्ही मतगणनांत पहिला असलेला सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचा संघ अंतिम सामन्यातूनच बाहेर राहिला. लोक चिडले. २०१४च्या मोसमापासून संगणक गेले आणि तेरा जणांची निवड समिती आली. टेक्सासमधल्या ग्रेपव्हाइन गावातल्या एका हॉटेलात ही माणसं बसतात, सामन्यांची चित्रणं पाहतात, आकडे चाळतात, पुन्हा पुन्हा मतदान करतात. ज्याचा ज्या विद्यापीठाशी संबंध, त्याने त्याची चर्चा निघाली की खोलीबाहेर जायचं, असा नियम आहे. चार संघ निवडायचे. त्यांनी आपसांत खेळून विजेता ठरवायचा.

२०२३मध्ये आमच्या गावचा संघ एकही सामना हरला नाही. पहिल्याच सामन्यात लुइझियाना स्टेटला ४५-२४ हरवलं. क्लेमसनला त्यांच्या घरी जाऊन जादा वेळेत हरवलं. १८ नोव्हेंबरला एका दुबळ्या संघाविरुद्ध खेळताना जॉर्डन ट्रॅव्हिस या क्वार्टरबॅकचा पाय मोडला. क्वार्टरबॅक म्हणजे ज्याच्या हातातून प्रत्येक चाल सुरू होते तो. पुढचा सामना दुसऱ्या फळीच्या मुलाने काढला, जिंकला. तोही जखमी झाला. मग आमच्या कॉन्फरन्सच्या, म्हणजे विभागीय गटाच्या, अंतिम सामन्यात पहिल्या वर्षाचा एक पोरगा उभा राहिला, आणि बचावफळीने लुइव्हिलला अवघ्या सहा गुणांवर रोखून १६-६ असा विजय मिळवला. तेरापैकी तेरा. त्याआधीच्या आठवड्यात समितीच्या यादीत फ्लोरिडा स्टेट चौथा होता.

दुसऱ्या दिवशी, ३ डिसेंबरला, यादी आली. मिशिगन, वॉशिंग्टन, टेक्सास, अलाबामा. फ्लोरिडा स्टेट पाचवा. जिंकून एक पायरी खाली. मोठ्या कॉन्फरन्सचा अपराजित विजेता बाहेर राहण्याची, चार संघांच्या या पद्धतीतली ही पहिलीच वेळ. अलाबामा एक सामना हरलेला होता, पण आदल्या दिवशी त्याने पहिल्या क्रमांकाच्या जॉर्जियाला हरवलं होतं. समितीच्या अध्यक्षांचा खुलासा थोडक्यात असा होता, की ट्रॅव्हिसशिवाय हा संघ पहिल्यासारखा राहिलेला नाही. नियमांत त्याला आधारही होता: महत्त्वाच्या खेळाडूची अनुपस्थिती विचारात घेता येईल, असं त्यांच्या कार्यपद्धतीत लिहिलेलं आहे.

ट्रॅव्हिसने त्या दिवशी लिहिलं, की आपला पाय मोसमात आणखी आधी मोडला असता तर बरं झालं असतं; मग हा संघ एका क्वार्टरबॅकपेक्षा किती मोठा आहे ते सगळ्यांना दिसलं असतं. राज्याच्या गव्हर्नरांनी कोर्टकचेरीसाठी दहा लाख डॉलरची तरतूद सुचवली. माझा धाकटा भाऊ अंबाजोगाईला शाळेत क्रीडाशिक्षक आहे. फोनवर त्याला सगळं समजावून सांगितलं, तर तो म्हणाला, "ताई, सगळे सामने जिंकूनही बाहेर? मग पोरांनी खेळायचं कशासाठी?"

या प्रश्नाला मी हसण्यावारी नेलं नाही, कारण सगळा वाद त्यातच आहे. निवड करताना दोन वेगळे प्रश्न विचारता येतात. एक, यांनी काय करून दाखवलं? दोन, उद्या हे काय करतील? पहिल्याचं उत्तर मागे वळून मिळतं, दुसऱ्याचं अंदाजाने. मराठीत पहिल्याला कमाई म्हणता येईल, दुसऱ्याला कुवत. बहुतेक वर्षी दोन्ही एकाच संघाकडे बोट दाखवतात, आणि आपण एकच प्रश्न विचारतो आहोत असा समज होतो. २०२३मध्ये त्यांची फारकत झाली. समितीने कुवत निवडली.

संख्याशास्त्र शिकवणारीने अंदाजाला नावं ठेवू नयेत, हे मला कळतं. अंदाज हाच माझा धंदा आहे. पण अंदाजाची पहिली अट अशी, की तो तपासता आला पाहिजे. २०१४मध्ये, या समितीच्या पहिल्याच वर्षी, ओहायो स्टेटचा संघ तिसऱ्या फळीचा क्वार्टरबॅक घेऊन गटाच्या अंतिम सामन्यात उतरला आणि ५९-० असा जिंकला. समितीने त्यांना चौथी जागा दिली. त्याच मुलाला घेऊन त्यांनी अलाबामा आणि ओरेगन या दोघांना हरवून विजेतेपद पटकावलं. तेव्हा समितीने डाव्या-उजव्याचा विचार करून दार उघडलं, म्हणून हे आपल्याला कळलं. २०२३मध्ये दार उघडलंच नाही.

समितीची बाजू घेणारे मला ऑरेंज बोलची आठवण करून देतात. बाहेर राहिलेल्या फ्लोरिडा स्टेटला ३० डिसेंबरला जॉर्जियाशी एक मानाचा पण निरर्थक सामना खेळावा लागला, आणि तो ते ६३-३ असे हरले. पाहिलंत? म्हणतात. पण त्या दिवशी मैदानात तेरा सामने जिंकलेला संघ नव्हताच. विजेतेपदाची वाट बंद झाल्यावर बरेचसे प्रमुख खेळाडू आपलं पुढचं करिअर सांभाळून बाजूला झाले होते. निवडीमुळे जे घडलं, त्याचाच पुरावा निवडीच्या बाजूने देता येत नाही. आणि निकालच बघायचा, तर ज्यांना जागा मिळाली ते अलाबामावालेही पहिल्याच सामन्यात मिशिगनकडून हरले.

आता दुसरी बाजू. फक्त हार-जीत मोजा म्हटलं, तर जो तो सोपे प्रतिस्पर्धी शोधेल. २०१७मध्ये ऑर्लँडोच्या सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाचा संघ सगळे सामने जिंकला, पण लहान कॉन्फरन्समधला म्हणून समितीने त्याला पहिल्या दहांतही धरलं नाही. पीच बोलमध्ये त्याने ऑबर्नला ३४-२७ हरवलं. त्या ऑबर्नने त्याच मोसमात अलाबामा आणि जॉर्जिया या अंतिम फेरीतल्या दोन्ही संघांना एकेकदा लोळवलं होतं. सेंट्रल फ्लोरिडाने मग स्वतःलाच राष्ट्रीय विजेता जाहीर केलं. देश हसला. त्यांच्याबद्दलचा प्रश्न ठरलेला होता: तुम्ही खेळलात कुणाशी?

हा प्रश्न मला ओळखीचा आहे. मी तालुक्याच्या गावातल्या कॉलेजातून बी.एस्सी. झाले, विद्यापीठात पहिली आले. पुढच्या शिक्षणासाठी एका मोठ्या शहरातल्या नावाजलेल्या संस्थेत मुलाखत झाली. गुणपत्रिका पाहून एक सद्गृहस्थ सौम्यपणे म्हणाले, "छान. पण तिकडे तुमची स्पर्धा कुणाशी होती?" मला प्रवेश मिळाला नाही. त्या प्रश्नात दुष्टावा नव्हता, हे मी आज मान्य करते. मला मिळालेले ९० आणि पुण्यातल्या मुलीला मिळालेले ९० सारखे नसतीलही. पण माझ्यासमोर दुसरं कुणी नव्हतं, हा माझा निर्णय नव्हता. ज्या परीक्षा मांडल्या होत्या, त्या सगळ्या मी दिल्या होत्या.

आता दर जानेवारीत मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला असते. आमच्या विभागात पीएच.डी.चे अर्ज येतात, जागा थोड्या, आणि आम्ही पाच जण एका खोलीत बसतो. कमाई की कुवत, हा वाद दर वर्षी होतो. फक्त कुणी ते शब्द वापरत नाही. कुवत हा शब्द उदार वाटतो. माझा अनुभव असा, की ती बहुतेक वेळा ओळखीच्या नावांना दिसते. अपरिचित कॉलेजच्या मुलाची कमाई कागदावर असते. कुवतीसाठी मात्र कुणीतरी त्याच्याकडे पाहिलेलं असावं लागतं.

भारतात हाच तिढा २०१६मध्ये कुस्तीत पडला होता. तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेल्या नरसिंग यादवने २०१५च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवून ७४ किलो गटातली रिओ ऑलिंपिकची जागा देशाला आणली. दोन ऑलिंपिक पदकांचा मानकरी सुशील कुमार दुखापतीमुळे त्या स्पर्धेत नव्हता. त्याचं म्हणणं, आमची चाचणी लढत घ्या, जो सरस तो जाईल. यातही न्याय आहे. पण दिल्ली उच्च न्यायालयाने ही मागणी मान्य केली नाही. पुढे उत्तेजक द्रव्याच्या प्रकरणात नरसिंगला रिओत उतरताच आलं नाही, ती निराळी कहाणी. जून महिन्यापुरता प्रश्न एवढाच होता, की आदल्या सप्टेंबरात जिंकलेल्या गोष्टीची किंमत नंतर बदलता येते का.

२०२४पासून प्लेऑफमध्ये बारा संघ घेतात. पाच जागा कॉन्फरन्स विजेत्यांसाठी राखून ठेवलेल्या, उरलेल्या सात समितीच्या हातात. वाद मिटला नाही, चौथ्या-पाचव्या क्रमांकावरून तो खाली सरकला. २०२५मध्ये मायामी आणि नोत्र दाम हे दोघेही दहा जिंकून दोन हरलेले. पहिल्याच आठवड्यात मायामीने नोत्र दामला २७-२४ हरवलेलं. तरी समिती आठवड्यामागून आठवडे नोत्र दामला वर ठेवत आली, आणि शेवटच्या यादीत, आदल्या शनिवारी दोघांपैकी कुणीही खेळलेलं नसताना, मायामी वर गेला. नोत्र दाम बाहेर. मायामी पुढे थेट अंतिम सामन्यापर्यंत पोचला, पण निवड बरोबर होती याचा तो पुरावा मी मानत नाही. माझ्या मते ती बरोबर होती, कारण समोरासमोरचा सामना झाला होता आणि तो मायामीने जिंकला होता. चूक इतकीच, की हे मान्य करायला तीन महिने लागले.

त्या पाच राखीव जागांमुळे मला बरं वाटतं. त्यांतून दुबळा संघ आत येतो आणि सपाटून मार खातो, अशी टीका होते, आणि ती कधी कधी खरी ठरते. पण सप्टेंबरमध्ये मैदानात उतरणाऱ्या मुलाला त्या जागांपुरतं तरी आधीच ठाऊक असतं, की काय केलं म्हणजे काय मिळेल. आमच्या खोलीत मी यंदा एवढंच मागणार आहे: कशाला किती वजन द्यायचं, ते अर्ज उघडण्याआधी ठरवून फळ्यावर लिहू या. मग यादी करू. त्यातही कुणावर अन्याय होईल. पण ज्याला नाही म्हणायचं, त्याला कारण सांगताना ते आधीपासून फळ्यावर लिहिलेलं असेल.