यंत्र आमचे, भाषा त्यांची

२०१४ च्या उन्हाळ्यात दिल्लीतील आमच्या कार्यालयात मी एका फाइलवर स्वाक्षरी केली. ती अजून मनातून जात नाही. विषय होता २७ स्कॅनरच्या निर्लेखनाचा.

यंत्रे धडधाकट होती. काच स्वच्छ, दिवा चालू, मोटर ठीक. मात्र विंडोज एक्सपीच्या सुरक्षा-दुरुस्त्या ८ एप्रिल २०१४ रोजी थांबल्या, आमचे संगणक नव्या प्रणालीवर न्यावे लागले, आणि स्कॅनर बनविणाऱ्या कंपनीने नव्या प्रणालीसाठी ड्रायव्हर काढलाच नव्हता. ड्रायव्हर म्हणजे संगणक व यंत्र यांमधला दुभाषी. तो नसेल तर दोघे एका टेबलावर असूनही मुके.

ओडिशाचा एक तरुण तांत्रिक सहायक म्हणाला, "सर, लिनक्सवर प्रयत्न करून पाहू का?" लिनक्सवर स्कॅनर चालविण्यासाठी 'सेन' नावाचा मुक्तस्रोत प्रकल्प आहे. स्वयंसेवक त्यासाठी ड्रायव्हर लिहितात. आमचे मॉडेल त्यात चालत नव्हते. मग त्याने कंपनीला लिहिले: ड्रायव्हर नको, या यंत्राला कोणत्या आज्ञा कोणत्या क्रमाने द्यायच्या एवढेच कळवा. दोन ओळींचे उत्तर आले. ही माहिती गोपनीय आहे.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे उत्तर प्रथम तर्कविसंगतच वाटते. पूरक वस्तू फुकट मिळाली तर मूळ वस्तूची मागणी वाढते, हे आम्ही पहिल्या वर्षाला शिकलो. मग फुकट ड्रायव्हर लिहून देणाऱ्याला दारातून परत का पाठवावे? खोलात गेल्यावर कारणे दिसू लागली. यंत्रातला एखादा भाग दुसऱ्याकडून परवान्यावर घेतलेला असतो आणि त्याचा तपशील सांगण्याची मुभा नसते. आपल्या रचनेत नकळत कुणाचे पेटंट मोडले असेल तर ते उघडे पडेल, ही धास्ती असते. कधी महाग व स्वस्त मॉडेलमधला फरक निव्वळ सॉफ्टवेअरचा असतो. आणि जुने यंत्र चालत राहिले तर नवे कोण घेईल? हे अर्थात कुणी लेखी देत नाही.

दुखणे जुने आहे. १९८० च्या सुमारास एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा लेझर प्रिंटर आला. कागद अडकला की सर्वांना कळावे, अशी सोय रिचर्ड स्टॉलमन यांना करावयाची होती, परंतु त्यांना सोर्स कोड नाकारण्यात आला. १९८३ मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला, त्यामागे हा अनुभवही होता. २००७ च्या जानेवारीत लिनक्सचे विकासक ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी कंपन्यांना सांगितले की माहिती द्या, ड्रायव्हर आम्ही विनामूल्य लिहू, हवा तर गोपनीयतेचा करारही करू. त्याच वर्षी सप्टेंबरात एएमडीने आपल्या ग्राफिक्स चिपांची माहिती खुली करण्याचे जाहीर केले. एनव्हिडियाला आपले कर्नल मॉड्यूल खुले करायला २०२२ चा मे उजाडला, आणि तेव्हाही बरेच काही फर्मवेअरच्या पडद्याआड राहिले.

परंतु कंपनीला दोष देऊन मी सुटत नाही. निविदा आमची होती, आणि तिची छाननी करणाऱ्यांत मी होतो. वेग, हमी, अनामत रक्कम, विलंबाचा दंड, सारे तिच्यात होते. यंत्राची भाषा मागणारी एक ओळ नव्हती. २०१५ मध्ये भारत सरकारने ई-प्रशासनात मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण आणले, तेव्हा पुढच्या खरेदीत मी ती ओळ घातली. निविदापूर्व बैठकीत विक्रेत्यांनी एकमुखाने नकार दिला. (एरवी त्यांचे कशावरच एकमत होत नसे.) स्पर्धा संकुचित होईल, लेखापरीक्षणात आक्षेप येईल, असे आमच्याच वित्त शाखेने टिपणीत लिहिले. अखेर 'लिनक्सवर चालणारा ड्रायव्हर द्यावा' यावर तडजोड झाली व मी ती मान्य केली. ड्रायव्हर मिळाला, पण बंद पेटीतला. दुभाषी बदलला, शब्दकोश मिळाला नाहीच.

निर्लेखनापूर्वी त्या तरुणाने एक स्कॅनर चाचणीसाठी मागून घेतला होता. जाळ्यापासून तोडलेल्या एका जुन्या एक्सपी संगणकाला तो जोडून, तारेतून जाणारा प्रत्येक संदेश टिपत तो संध्याकाळी बसून राही. दीड वर्षाने एके दिवशी त्याने मला बोलावले. लिनक्सच्या पडद्यावर एक पान उमटले होते, कृष्णधवल, डावी कड थोडी कापलेली. उरलेले २६ स्कॅनर तोवर ई-कचऱ्याच्या लिलावात वजनावर गेले होते.